शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा

खोली घेऊन राहायला निघालेल्या मुलाला घरून फोनवर मिळणारी पाककृती साधारण एवढीच असते: डाळ-तांदूळ धू, कुकर लाव, तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर. ती खोटी नाही. पण ती त्या घरातल्या कुकरची, त्या शेगडीची आणि पंचवीस वर्षं कुकर लावत आलेल्या हाताची पाककृती आहे. नव्या खोलीत तीन लिटरचा कोरा कुकर, भडक आचेची शेगडी आणि बोअरचं पाणी असेल, तर त्याच तीन शिट्ट्यांत डाळ कच्ची राहते आणि भाताची मात्र खिमट होते. मग 'मला स्वयंपाक जमत नाही' असं ठरून जातं आणि डबा लागतो.

म्हणून इथे पाककृती कमी, कारणं जास्त. एकट्याचं जेवण रोज निघायला तीन गोष्टी हातात बसाव्या लागतात: कुकर, फोडणी आणि उरलेलं अन्न सांभाळणं. पोळ्या यात मुद्दाम धरलेल्या नाहीत. त्या शेवटी.

कुकर

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. आच कितीही वाढवली तरी पाणी त्याहून तापत नाही, फक्त लवकर आटतं. कुकरमध्ये वाफ कोंडते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोने वाढतो, आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. डाळ झटपट शिजते ती या वरच्या वीस अंशांमुळे. शिट्टीचं काम एवढंच, की दाब ठरल्या मर्यादेला पोचला की तिचं वजन उचललं जातं, जादा वाफ निघून जाते आणि वजन परत खाली बसतं. म्हणजे शिट्टीवरून वेळ कळत नाही. आत दाब भरला आहे आणि आच आता गरजेपेक्षा जास्त आहे, एवढंच कळतं. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार-पाच मिनिटांत होतात, बारीक आचेवर त्यालाच दहा-बारा मिनिटं सहज जातात. डाळीला शिट्ट्यांशी देणंघेणं नाही, मिनिटांशी आहे.

तेव्हा मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्या, लगेच गॅस बारीक करा आणि मोबाइलवर टायमर लावा. कुकरच्या आतल्या डब्यात ठेवलेली, अर्धा तास भिजलेली तूरडाळ असेल तर १० मिनिटं, न भिजवलेली असेल तर १५. मूगडाळीला ६-७ पुरतात. रात्रभर भिजलेले छोले किंवा राजमा असेल तर २० ते २५. बारीक आचेवर मध्येच एखादी शिट्टी झाली काय, न झाली काय, फरक पडत नाही. शिट्टीखालून हलकी सूं-सूं चालू असली म्हणजे दाब टिकून आहे. ती पूर्ण थांबली तर आच जरा वाढवा.

आता मापं. वाटी म्हणजे घरात आमटीला घेतो ती, साधारण १५० मिलीची. एका माणसाच्या एका वेळेला पाऊण वाटी तांदूळ आणि दीड वाटी पाणी, पाव वाटी तूरडाळ आणि पाऊण वाटी पाणी. हे पाणी डब्यांतलं. कुकरच्या तळाशी जाळी आणि वेगळं दोन-अडीच वाट्या पाणी लागतंच, कारण वाफ त्याचीच होते. डाळीचा डबा खाली, तांदळाचा वर. तळाच्या पाण्यात लिंबाचं पिळलेलं साल टाकलं तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडत नाही. डाळीत हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल घाला. तेलाने फेस कमी होतो आणि डब्याबाहेर येत नाही.

तांदळाचं पाणी मात्र जातीवर आणि वयावर जातं. इंद्रायणी किंवा नवा आंबेमोहर मुळातच चिकट, त्यांना दुपटीपेक्षा थोडं कमी पाणी. जुना कोलम दुपटीपेक्षा जास्त पिऊन घेतो. नव्या पिशवीतला पहिला भात हा प्रयोगच समजावा आणि पाण्याचं माप पिशवीवरच पेनाने लिहून ठेवावं.

डाळ शिजतच नसेल तर संशय आधी आंबटावर घ्या. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन आंबट पाण्यात विरघळायला तयार होत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल डाळीबरोबरच कुकरात गेलं तर दाणा टणक राहतो, मग आणखी दहा मिनिटं दिली तरी फार फरक पडत नाही. आंबट नेहमी डाळ शिजल्यावर. दुसरा गुन्हेगार जड पाणी. त्यातलं कॅल्शियम तेच पेक्टिन आणखी घट्ट करतं. बोअरचं पाणी असलेल्या सोसायट्यांत डाळ भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं आरओचं पाणी वापरा. चिमूटभर सोड्यानेही डाळ मऊ होते, पण चिमूट म्हणजे खरंच चिमूट. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि ब१ जीवनसत्त्वही जातं. तिसरं कारण जुनी डाळ किंवा कडधान्य. वर्षभर डब्यात पडलेला राजमा काही केल्या लोण्यासारखा होत नाही. मीठ आधी की नंतर, यावर मात्र वाद घालत बसू नका.

राजम्याबद्दल एक गोष्ट गंभीरपणे. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. जेमतेम गरम झालेला, अर्धकच्चा राजमा खाल्ला तर काही तासांत उलट्या-जुलाब होतात. आठ तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि बोटांनी सहज चिरडेल इतका शिजवायचा.

गॅस बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या, १० ते १२ मिनिटं. भुकेच्या घाईत चमच्याने शिट्टी उचलून सगळी वाफ काढली की आतलं १२० अंशांचं पाणी एकदम मोकळ्या हवेच्या दाबाखाली येतं आणि सगळीकडून उसळून उकळतं. डाळ डब्यातून बाहेर, भात डाळीत, आणि उरलेली शिट्टीच्या भोकातून भिंतीवर. झाकण तर कधीच जोर लावून उघडू नये. शिट्टी चमच्याने किंचित उचलून बघा, फुस्स झालं तर अजून थांबा.

कुकरच्या कुरबुरी ओळखायच्या कशा? झाकणाच्या कडेने वाफ जात असेल आणि शिट्टी येतच नसेल तर रबरी रिंग कडक झाली आहे. बोटाने वाकवून बघा, भेगा दिसतील. रोजच्या वापरात रिंग वर्षभरात बदलावी लागते, आणि ती त्याच कंपनीची, त्याच मापाची घ्यावी. ठेल्यावरची 'सगळ्यांना बसणारी' रिंग कुणालाच नीट बसत नाही. शिट्टीतून पिवळं पाणी उडत असेल तर कुकर जास्त भरलाय किंवा आच फार मोठी आहे. डाळ थेट कुकरात शिजवताना तो निम्म्याच्या वर भरायचा नाही. आणि रोज, दर वेळी, झाकण लावण्याआधी शिट्टीची नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. डाळीचं एक साल तिथे अडकलं की वाफेचा मुख्य रस्ता बंद. तसं झालंच तर झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. त्यात जास्त तापलं की वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. पाणी आटून कुकर कोरडा तापला तरी तो असाच जातो. उडालेला व्हॉल्व्ह नवाच बसवायचा. जुन्याच्या भोकात काहीतरी ठोकून काम चालवणाऱ्या दुरुस्तीवाल्याकडून कुकर परत घेऊन निघून यावं. नवा कुकर घेताना आयएसआय खूण आणि तिच्या वर आयएस २३४७ हा आकडा बघा.

खोलीत गॅस नसून इंडक्शन असेल तर दोन गोष्टी आधी तपासा. कुकरच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का? साधं अ‍ॅल्युमिनियम इंडक्शनवर तापतच नाही. आणि शेगडी २००० वॅटची असेल तर तिला १६ अँपिअरचा मोठा सॉकेट हवा. मोबाइल चार्जरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून जेमतेम १३०० वॅट झेपतात. त्यावर अडॅप्टर लावून शेगडी चालवली की आधी प्लग गरम होतो, मग पिवळा पडतो, मग वास येतो.

फोडणी

फोडणी शिकवताना सगळे साहित्य सांगतात, क्रम सांगत नाहीत. क्रमामागे साधा हिशेब आहे: ज्याला जास्त उष्णता सोसते ते आधी.

लोखंडी पळीत किंवा छोट्या कढल्यात एक मोठा चमचा तेल. तापलं की मोहरीचे दोनच दाणे टाकून बघा. तडतडले तर उरलेली पाव चमचा टाका. तेल गार असताना मोहरी घातली तर ती फुटत नाही, नुसती तेलात भिजून कडवट लागते. तडतड कमी व्हायला लागली की जिरं, ते पाच-सात सेकंदांत रंग बदलतं. आता गॅस बारीक. हिंग, मग धुऊन पुसून कोरडा केलेला कढीलिंब. पुसायचा अशासाठी, की पानावरचं पाणी गरम तेलात पडलं की जागच्या जागी वाफ होते आणि तेलासकट अंगावर येते. हळद सर्वांत शेवटी, आणि तिखट घालायचं तर गॅस बंद करून. दोन्ही पूड असल्याने क्षणात जळतात. काळी झालेली हळद आमटीत कडू उतरते आणि ती चव गुळानेही झाकत नाही. फोडणी करपली तर सरळ टाकून द्या. चमचाभर तेलासाठी पातेलंभर आमटी घालवू नये.

तेलातून निळसर धूर निघाला म्हणजे ते फार तापलं, गॅस बंद करा. पेटलंच, तर गॅस बंद करून वर ताट किंवा झाकण सरकवा आणि तसंच राहू द्या. पाणी अजिबात ओतायचं नाही. पाणी तेलाच्या खाली जाऊन फुटतं आणि जळतं तेल खोलीभर उडवतं. हात भाजला तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट नाही, तूप नाही, बर्फही नाही.

ही फोडणी जमली की अर्धा मराठी स्वयंपाक उघडतो. घोटलेल्या वरणात फोडणी, एक वाटी पाणी, अर्धा चमचा गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ, आणि पाच मिनिटं उकळी: आमटी झाली. घट्ट पिठल्यासाठी अर्धी वाटी बेसन आधी दीड वाटी गार पाण्यात हाताने कालवा, गुठळी राहू देऊ नका, आणि मग ते कांदा-लसणाच्या फोडणीत ढवळत ओता. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन भुरभुरणं ही सरावाच्या हाताची कला आहे. नवख्याचं तिथे हमखास बिनसतं, कारण पिठाच्या गोळीचा बाहेरचा थर शिजून बंद होतो आणि आत कोरडं पीठ तसंच राहतं. झाकण ठेवून बारीक आचेवर पाच मिनिटं वाफ द्या. बेसनाचा कच्चा वास गेला की झालं.

पोह्यांत एकच जागा चुकायची. जाड पोहे भिजवायचे नसतात, चाळणीत धुवायचे आणि निथळत दहा मिनिटं ठेवायचे. दाणा बोटात दाबला की मोडला पाहिजे, पण चिकटता कामा नये. मीठ आणि साखर तेव्हाच पोह्यांना लावून घ्या, कढईत घातली की सगळीकडे सारखी लागत नाहीत.

उरलेला भात

याच्याबद्दल कुणी सांगत नाही, आणि एकट्या राहणाऱ्यांची पोटं इथेच बिघडतात. तांदळावर बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि एक विष तयार करतात. गोम अशी की हे विष पुन्हा गरम केल्याने नाहीसं होत नाही. म्हणजे दुपारी एकला केलेला भात मे महिन्यात कुकरातच रात्री नऊपर्यंत ठेवला, तर 'चांगला परतून घेतला' म्हणून तो सुरक्षित होत नाही. वास आला नाही याचाही अर्थ काही नाही.

उपाय सोपा. जेवण झालं की उरलेला भात ताटात पसरून पंख्याखाली गार करा आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संपवा. गरम एकदाच करा, वाफ निघेपर्यंत. आतला गड्डा गार राहतो, म्हणून गरम करण्याआधी भात हाताने मोकळा करून पाण्याचा हबका मारा. फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावा. वरण रात्रीपर्यंत ठेवायचंच असेल तर पुन्हा खळखळून उकळून ठेवा, आणि त्यात उष्टा चमचा घालू नका.

फ्रिज असो-नसो, किराणा कमी भरा. एकटा माणूस रोज एक वेळ घरी जेवत असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ, किलोभर तूरडाळ, पाव किलो मूगडाळ, अर्धा किलो बेसन, लिटरभर तेल खूप झालं. पाच किलोची पिशवी किलोमागे स्वस्त पडते खरी, पण पावसाळ्यात तिच्यात टोके होतात आणि हिशेब उलटतो. रवा आणल्याबरोबर कोरडाच मंद भाजून, गार करून बरणीत भरा. मग तो टिकतो आणि सकाळी उपम्याची दहा मिनिटंही वाचतात.

सिलिंडर

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. वरच्या कड्याच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर, आकडा वर्षाचा. मुदत उलटलेलं सिलिंडर दारातूनच परत करा. घेताना तोंडाचं सीलही बघा. नळी आयएसआय खुणेची असावी. तिच्यावर छापलेली मुदत वाचा, आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेली नळी हमखास कालबाह्य असते.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळती झाली की तो वर न जाता फरशीलगत साठतो. वास आला की आधी रेग्युलेटर बंद, मग दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं किंवा पंख्याचं बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, ठिणगी दोन्हीकडे पडते. बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा, गॅसगळतीसाठीचा क्रमांक तो आहे. गळती बारीक वाटली तर साबणाचं पाणी जोडावर लावून बुडबुडे बघता येतात. काडी पेटवून बघणारे शूर लोक अजूनही भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

पोळ्या, घाई नसेल तर

पहिल्या महिन्यात पोळी शिकू नये, असं स्पष्ट मत आहे. पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. दिवसभर काम करून आलेल्या माणसाने रात्री नऊला कणकेशी झुंजायचं, तर चारच दिवसांत स्वयंपाकावरचं मन उडतं. कुकर आणि फोडणी हातात बसल्यावर एखाद्या रविवारी सुरुवात करा.

दोन वाट्या कणीक, पाव चमचा मीठ, चमचाभर तेल. पाणी एक वाटीभर जवळ घ्या पण एकदम ओतू नका, थोडं-थोडं घालत भिजवा. सगळं लागेलच असं नाही. कणीक किती जाड दळली आहे, त्यावर ते ठरतं. गोळा आधी हाताला चिकटेल, तिथे घाबरून कोरडं पीठ घालू नका, पाच मिनिटं तिंबा, चिकटणं आपसूक कमी होतं. मग झाकून अर्धा तास ठेवा. या वेळात कोंडा पाणी शोषून घेतो आणि मळताना ताणलेला चिवटपणा सैलावतो. न मुरलेली कणीक लाटली की पोळी रबरासारखी मागे आक्रसते. लोक लाटण्याला दोष देतात, चूक घड्याळाची असते.

तवा पुरेसा तापलाय का, हे पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब नाचत पळाला तर तयार. पहिली बाजू दहा-पंधरा सेकंदच, बारीक फुगे दिसले की उलटा. दुसरी बाजू नीट भाजू द्या, मग परत पहिली. कडक पोळ्या बहुतेक वेळा मंद आचेच्या असतात: पोळी फुगायच्या आधी आतलं पाणी हळूहळू उडून जातं. भाजलेल्या पोळ्या कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. उघड्या ठेवल्या तर वाळतात, नुसत्या डब्यात ठेवल्या तर वाफेने खालची ओली होते.

पहिल्या दहा-बारा वातड होणारच. त्या दुसऱ्या दिवशी फोडणीच्या पोळीला उत्तम: तुकडे करून मिक्सरमध्ये एकदाच फिरवा, दोनदा फिरवले तर पीठ होतं. कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची यांच्या फोडणीत तो कुस्करा टाका, मीठ, चिमूटभर साखर, पाण्याचा हबका, आणि झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ. वरून लिंबू.